काचपट्टीवरचे आबा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत लाकडी कपाट आहे, त्याच्या अगदी खालच्या खणात मी राहतो. वरच्या खणांत औषधी पाण्याच्या बरण्या आहेत. त्यांत बेडूक आहेत, साप आहेत, दोन डोक्यांचं एक कोकरूही आहे. त्यांचा शेजार आहे खरा, पण त्यांच्याशी बोलून काही उपयोग नसतो. म्हणून आज तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझं अंग पितळेचं, पाय लोखंडाचा आणि जड. भिंगं घासणारा म्हातारा कारागीर एकेक भिंग उजेडाकडे धरून बघायचा आणि मनाजोगं झालं नसलं की पुन्हा घासायला घ्यायचा. माझ्या तळाशी त्यानं एक गोल आरसा बसवला. खिडकीतून येणारा उजेड तो आरसा वर फेकतो, मधल्या काचपट्टीतून तो उजेड नळीत शिरतो आणि साध्या डोळ्याला न दिसणारं सगळं दिसायला लागतं. उजेड घ्यायचा आणि दाखवायचं, एवढंच माझं काम. काय दाखवायचं हे मात्र माझ्या हातात कधीच नव्हतं.

बोटीनं मी मुंबईला आलो. तिथल्या दुकानातून मला दत्तोपंत नावाच्या तरुण प्राध्यापकांनी निवडलं. मिरजेला गाडी बदलताना हमाल माझी पेटी उचलायला आला, तर त्यांनी ती त्याच्या हाती दिली नाही. कोल्हापूर येईपर्यंत पेटी त्यांच्या मांडीवरच होती. कॉलेजात त्यांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. मऊ कापडाशिवाय भिंगाला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. मुलं माझ्यापुढं रांग लावायची. कांद्याच्या पापुद्र्यातल्या विटांसारख्या पेशी, पंचगंगेच्या पाण्यातले वळवळणारे जीव, बेडकाच्या पायाच्या पडद्यातून पळणारं रक्त. बघून झालं की प्रत्येक जण मान वर करून एकदा आपल्याच हाताकडे बघायचा. त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं.

देश स्वतंत्र झाला त्या साली आकाराम नावाचा एक मुलगा कॉलेजात आला. कसबा बावड्याहून सायकल मारत यायचा. घरी ऊस आणि दोन म्हशी. वडील जोतीराम म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेले पैलवान. जवानीत त्यांनी मोठमोठ्या मैदानांत कुस्त्या मारल्या होत्या आणि आता ते बावड्याच्या तालमीचे वस्ताद होते. पोरानंही माती अंगाला लावावी अशी त्यांची फार इच्छा होती, पण आकाराम निघाला काटकुळा. त्याचं लक्ष आखाड्यापेक्षा आखाड्याच्या भिंतीवर चढणाऱ्या मुंग्यांकडे. शेवटी वडिलांनी नाद सोडला आणि त्याला शाळेत घातलं. आकाराम त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही आबाच म्हणतो.

पोरगा दिवसभर नेमकं करतो तरी काय, ते बघायला एकदा आबा स्वतः कॉलेजात आले. डोक्याला फेटा, दाट मिशा, मार खाऊन खाऊन भज्यासारखे झालेले कान आणि दाराची चौकट भरून टाकणारे खांदे. आकारामनं उबवायला ठेवलेलं एक कोवळं अंडं फोडून माझ्याखाली धरलं. आबा गुडघे वाकवून, एक डोळा मिटून बघत राहिले.

"ह्ये काय उडतंय रं?"

"काळीज हाय त्येचं, आबा."

"आनि बाकीचं? डोळं, पाय?"

"त्ये अजून व्हायाचं हाईत. आधी काळीज चालू हुतं, मग बाकीचं."

आबांनी मान वर केली आणि मिशीवरून हात फिरवला. "मी जल्मभर सकाळी उठून डझनानं खाल्ली की रं," ते म्हणाले. आकारामला हसू आलं, पण आबा हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी अंडं सोडलं. खुराकात दूध आणि बदाम तेवढे ठेवले.

आकाराम पास होत गेला आणि मग दत्तोपंतांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम करू लागला. आईच्या पोटातल्या जिवाचे अवयव कसे घडतात, हा त्याचा विषय. त्यातून त्यानं एक लहानशी ग्रंथी निवडली. मित्रांनो, पुरुषाच्या मूत्राशयाखाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. उंदरालाही ती असते. पण पोटातल्या पिलात ती आधी नसतेच. तिथं नुसती एक साधी नळी असते. मग नर पिलाच्या अंगात तयार होणारा एक रस तिथवर पोचतो आणि नळीच्या भिंतीला कळ्या फुटतात. कळ्यांना फांद्या येतात, फांद्यांना आणखी कळ्या येतात. आणि एक वेळ अशी येते की सगळं आपोआप थांबतं. ग्रंथी पुरी होते.

हे सारं आकारामनं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खोलीच्या मागच्या बाजूला पिंजऱ्यांत पांढरे उंदीर असायचे. पिलांचे बारीक तुकडे मेणात बसवायचे, कागदाहून पातळ काप काढायचे, ते निळ्या-गुलाबी रंगात बुडवायचे आणि माझ्याखाली ठेवायचे. असे ढीगभर काप आम्ही दोघांनी मिळून बघितले. एक दिवस तो दत्तोपंतांना म्हणाला, "सर, फुटा म्हणून सांगणारा कोण, ते कळलं. थांबा म्हणून सांगणारा कोण?"

दत्तोपंत म्हणाले, "ते ज्याला सापडेल, त्याला कॅन्सर म्हणजे काय तेही सापडेल."

आकारामला पीएच.डी. मिळाली आणि पाठोपाठ एक मोठी संधी चालून आली. विलायतेतल्या एका प्रयोगशाळेत याच ग्रंथीवर काम चालायचं. एका बाजूला तिची पोटातली वाढ आणि दुसऱ्या बाजूला तिला होणारा कॅन्सर, दोन्ही एकाच छपराखाली. नुकतीच पीएच.डी. झालेल्यांना ते लोक दोन वर्षं पुढचं संशोधन करायला बोलवायचे. दत्तोपंतांनी शब्द टाकला, आकारामनं आपलं काम पाठवलं आणि त्याची निवड झाली. ती बातमी सांगायला दत्तोपंत तास अर्धा सोडून आले होते. बोलताना त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या भिंगाचं मऊ कापड घेऊन त्यानंच तो पुसला.

आबांना मात्र हे नीट समजेना. संध्याकाळी ते आकारामला न्यायला आले होते, तेव्हा इथंच स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "डाक्तर झालास न्हवं? मग आनि शिकायला कशाला जायाचं?"

"आबा, गावच्या तालमीत कुस्ती शिकली की मानूस पैलवान हुतो. पन मोठ्या वस्तादाच्या हाताखाली दोन वर्सं काढली, की मग कुस्ती म्हंजी काय ते कळाय लागतंय. तसंच हाय ह्ये."

"असं सांग की मग," आबा म्हणाले. "जा. माती लावून ये." बावड्याच्या तालमीत त्या दिवशी पेढे वाटले गेले.

पण त्याच उन्हाळ्यात आबांची कंबर धरली. जुन्या कुस्तीतला मार असेल म्हणून त्यांनी तालमीतल्या पोरांकडून तेल चोळून घेतलं. लघवीला त्रास होत होता, तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. असलं सांगायचं कसं आणि कुणाला? एक दिवस ती पूर्ण तुंबली आणि त्यांना डॉक्टर गणपतरावांच्या दवाखान्यात उचलून न्यावं लागलं. गणपतराव शहरातले सर्जन. त्यांनी शस्त्रक्रिया करून अडथळा करणारं मांस काढलं आणि तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. मुंबईचं उत्तर यायला वेळ लागणार होता. आकारामनं त्यातला एक लहानसा तुकडा मागून घेतला.

तो तुकडा त्यानं स्वतः मेणात बसवला, स्वतः कापला, स्वतः रंगवला. दुपारची वेळ होती. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. काचपट्टी माझ्याखाली आली आणि मी माझं काम केलं.

पहिल्यांदा मला वाटलं, हा आपला नेहमीचाच काप आहे. त्याच कळ्या, त्याच फांद्या. पण उंदराच्या पिलात त्या एकमेकींना जागा देत वाढायच्या. इथं एकीत दुसरी घुसली होती, मधल्या भिंती मोडल्या होत्या आणि थांबल्याची खूण कुठंच नव्हती. आकारामनं पट्टी डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, पुन्हा मधे आणली. माझ्या वरच्या काचेवर वाफ धरली. तरी त्यानं डोळा काढला नाही.

हाताचा खडू झटकत दत्तोपंत आत आले. आकाराम बाजूला झाला. ते वाकले आणि बघू लागले.

"वाईट आहे रे," ते म्हणाले. "गणपतरावांचा पेशंट?"

"हो, सर."

"एवढं पसरलंय म्हणजे हाडातही गेलं असेल. घरच्यांना कल्पना दिली का त्यांनी?"

"घरचा मीच आहे, सर."

दत्तोपंतांनी मान वर केली. मग त्यांनी माझा आरसा हळूच उजेडापासून फिरवला. माझ्यापुढं अंधार झाला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मुंबईचंही उत्तर तेच आलं. गणपतरावांनी बारीक पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. औषध तेव्हा नवं होतं. ज्या रसानं कळ्या फुटतात, त्याच रसावर हा रोग पोसतो आणि या गोळ्या तो रस आटवतात. हे आकारामला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "काहींना चांगला गुण येतो," गणपतराव म्हणाले, "पण रोगी किती दिवस काढेल, ते सांगता येत नाही." आकारामनं विलायतेला कळवून वर्षभराची सवलत मागितली आणि त्यांनी ती दिली. पुढं मात्र जागा राखता येणार नाही, असंही कळवलं.

आबांना कुणी खरं सांगितलं नाही. मूत्राशयाला सूज आली आहे, गोळ्यांनी उतरेल, एवढंच सांगितलं. त्या काळी तशीच रीत होती. चिमणाबाई, म्हणजे आकारामची आई, रोज सकाळी गोळी नवऱ्याच्या हातावर ठेवायची.

आणि गुण आला, मित्रांनो. कंबर सुटली. आबा जेवू लागले, उसाच्या फडापर्यंत चालू लागले. आकाराम पुन्हा शीळ घालत काप काढू लागला.

दसरा झाल्यावर एकदा आबा कॉलेजात आले. येऊन स्टुलावर बसले. मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि सदऱ्याची बटणं सोडली.

"ह्ये बघ," ते म्हणाले. "कशानं झालंय ह्ये?"

त्यांची छाती बाईसारखी सुजली होती. दंड मऊ पडले होते. आकारामनं मान खाली घातली. "गोळ्यांनी हुतंय, आबा. औषधाचा गुण हाय त्यो."

"म्हंजी मी आता बाई हुनार?"

"न्हाय आबा. तसं न्हाय."

"मग कसं? आखाड्यात उघडं व्हायाला येत न्हाय मला. दसऱ्याला पोरं वाट बघत बसली, मी ताप आलाय म्हनून सांगितलं. वस्ताद सदरा घालून माती उकरतोय व्हय?" त्यांनी बटणं लावली. बोटं जाड असल्यानं त्यांना वेळ लागला. "गोळ्या किती दिस घ्याच्या?"

"कायम."

आबा माझ्याकडे बघू लागले. "सुजंला कायम गोळ्या देत न्हाईत. माझं मास तू ह्या नळीतनं बघितलंस न्हवं? गणपतराव बोलून गेल्यात. मला दाव."

आकारामनं खूप आढेवेढे घेतले. शेवटी पेटीतली ती काचपट्टी काढून त्यानं माझ्याखाली ठेवली. आबा वाकले. त्यांचा श्वास माझ्या नळीवर येत होता.

"रंग चांगला हाय," ते म्हणाले. जरा वेळानं विचारलं, "ह्यातलं वंगाळ कंचं?"

"सगळंच."

"गोळ्यांनी मरतंय ह्ये?"

"मरत न्हाय. गप बसतंय."

"आनि सोडल्या तर?"

मित्रांनो, त्या खोलीत एवढा एकच प्रश्न महत्त्वाचा होता. आकारामला त्याचं उत्तर येत होतं. रोग कुठल्या वाटेनं हाडात उतरतो, मणका कसा पोखरतो, ते त्यानं पुस्तकातून कितीदा वाचलं होतं. पण समोर बसलेल्या बापाला ते सांगायला त्याची जीभ उचलेना.

"सोडायच्या न्हाईत," तो म्हणाला. "एवढंच ध्यानात ठेवा."

आबांनी मान हलवली. जाताना दारात थांबले. "तू ह्याच्यापायीच जायाचा थांबलास न्हवं?"

"पुढल्या साली जातोय की."

दिवाळी गेली. थंडीत आबा पुन्हा तालमीत जाऊ लागले. छातीची सूज उतरली होती, दंड भरू लागले होते, आवाजही पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. "आबांच्या अंगाला औषध मानवलं, सर," आकाराम आनंदानं दत्तोपंतांना सांगायचा. त्या उतरलेल्या छातीचा अर्थ कुणीच लावला नाही. आकारामनंसुद्धा नाही. अंगात तो रस आला की कळ्या फुटतात, हे ज्यानं इतकी वर्षं माझ्याखाली पाहिलं होतं, त्याला आपल्याच घरात तो परत आलेला दिसला नाही. सुखाच्या वेळी माणूस भिंगातून बघत नाही.

जायची तयारी सुरू झाली. शाहूपुरीतल्या शिंप्यानं लोकरी कोट शिवला. दत्तोपंतांनी आपला मफलर दिला. बोटीचं तिकीट आलं. बावड्याच्या लोकांनी तालमीत सत्कार ठरवला. आबांची कंबर पुन्हा दुखू लागली होती, पण ते दात आवळून हिंडत होते. पोरगा एकदा बोटीत बसेपर्यंत काही दिसू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी ते खाटेवरून उठायला गेले आणि खाली पडले. पायांत जोरच नव्हता.

गणपतराव घरी येऊन बघून गेले. मणक्यात उतरलं होतं. कमरेखालचं अंग गेलं होतं. "गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"रोज माझ्या हातानं देती की," चिमणाबाई म्हणाली.

आकारामनं तिकीट परत केलं. विलायतेच्या लोकांनी मनापासून वाईट वाटल्याचं कळवलं आणि जागा दुसऱ्याला दिली. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्याचं काम तरी सुटू नये म्हणून दत्तोपंतांनी मला त्याच्या घरी न्यायची परवानगी दिली. टांग्यातून आकारामच्या मांडीवर बसून मी बावड्याला गेलो. आबांच्या खाटेजवळच्या खिडकीत मला ठेवलं. बाहेर ऊस होता आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास घरभर असायचा. आकाराम आबांना कुशीवर वळवायचा, पुसायचा, कपडे बदलायचा आणि मग माझ्याशी येऊन बसायचा. तो नळीत बघत असला की आबा त्याच्या पाठीकडे बघत असायचे. ज्या गड्यानं मैदानं मारली, त्याला आता पाठीला रुतणारी चादरीची घडीसुद्धा काढता येत नव्हती.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "जागा गेली व्हय?"

"गेली, आबा."

"कुनाला?"

"बंगळूरच्या एकाला."

"हुशार हाय का?"

"हाय."

"मग बरं," आबा म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढंच त्यांना वळवता येत होतं. भिंतीकडे बघतच ते बोलले, "गोळ्या म्या सोडल्या व्हत्या."

आकाराम उठून उभा राहिला. "कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. तुझी आई हातावर ठिवायची, मी तोंडात टाकून मागं परड्यात जायाचो आनि चुळीबरुबर थुकायचो."

"का पन, आबा?"

"दोन कारनं हाईत. एक सांगतो, एक न्हाय सांगनार." आबा थोडा वेळ दम खात राहिले. "तू माझ्यापायी अडकलास. आता मी बरा झालो तरी पुढल्या साली आनि काय तरी निघंल, आनि तू आनि थांबशील. मला वाटलं, माझं लवकर आटपलं तर पोरगं मोकळं हुईल. मरान येतंय म्हनून मी तयारच व्हतो. त्ये न येता आधी पाय न्हेनार, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाय रं."

दुसरं कारण त्यांनी खरंच सांगितलं नाही. पण त्या थंडीत ते उघड्या अंगानं आखाड्यात उभे राहिले होते, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

गोळ्या घेतल्या असत्या तर तुम्ही हिंडते राहिला असता, मी जाऊन माघारी आलो असतो. हे वाक्य आकारामच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. ते त्यानं गिळलं. तो खाटेपाशी गेला, आबांच्या मानेखाली हात घातला आणि त्यांना कुशीवर वळवलं. मग पाठीला पावडर लावत बसला. आबांचे खांदे हलत होते. आकारामनं ते न दिसल्यासारखं केलं. पैलवानाला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

आबा आणखी बरेच महिने तसेच पडून होते. अखेर संक्रांतीच्या सुमाराला सुटले. त्यांना न्यायला तालमीतली सगळी पोरं आली होती. कुणीतरी आखाड्याच्या हौद्यातली तांबडी माती आणून त्यांच्या छातीला लावली. मी खिडकीतून बघत होतो. आकाराम त्या छातीकडे बघत उभा होता आणि त्याला हुंदका आवरला नाही.

मला परत कॉलेजात आणलं. दत्तोपंतांच्या आग्रहाखातर आकारामनं पुन्हा एकदा विलायतेला विचारलं. पण त्या प्रयोगशाळेचे प्रमुख दुसरीकडे गेले होते आणि तिथं वेगळंच काम सुरू झालं होतं. इतर ठिकाणी ताज्या दमाची मुलं हवी होती. संशोधनाची अशी जागा माणसासाठी फार काळ दार उघडून बसत नाही. हळूहळू आकारामनं विचारणं सोडलं. उंदरांचे पिंजरे रिकामे झाले. तो वर्गात बेडूक शिकवू लागला, आणि चांगला शिकवू लागला. पण थांबा म्हणून सांगणारा कोण, हा प्रश्न त्यानं परत काढला नाही. पुढं विजेचा दिवा असलेले नवे सूक्ष्मदर्शक आले. तेव्हा आकारामनंच मला उचलून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. त्यानं मला पुसलं नाही. मला राग आला नाही. त्याला मी काय काय दाखवलं होतं, हे मला माहीत होतं.

भिंगांवर बुरशीचे ठिपके धरू लागले. एक दिवस कुलूप उघडलं. मलकापूरच्या बाजूचा पिराजी नावाचा शेतकरी गणपतरावांकडे आला होता. तेच दुखणं. गणपतरावांनी आकारामला काप बघायची विनंती केली आणि का कोण जाणे, नवे सूक्ष्मदर्शक सोडून त्यानं मला बाहेर काढलं. काप बघून झाल्यावर त्यानं डॉक्टरांना सांगितलं, "रोग्यालाच माझ्याकडे पाठवा."

पिराजी येऊन स्टुलावर अवघडून बसला. आकारामनं त्याला सगळं दाखवलं आणि सगळं सांगितलं.

"पावणं, हे असं असं हाय. ह्या गोळ्यांनी ते गप राहील, मरनार न्हाय. छाती सुजंल. अंग मऊ पडंल. गडीपनाचं बी जाईल. लोकं हासतील. आनि गोळ्या सोडल्या, तर बरं वाटल्यासारखं हुईल, पन खोटं असंल ते. मग मणका धरंल, पाय जातील. मरान लगेच येत न्हाय. लई दिस खाटंवर पडून ऱ्हावं लागतंय, आनि घरातली मानसं बघत बसत्यात."

पिराजीनं खांद्यावरची घोंगडी सावरली. "तुमाला लई म्हाईत हाय," तो म्हणाला.

"व्हय," आकाराम म्हणाला.

पिराजी अजून हिंडताफिरता आहे. घोंगडीखाली छाती झाकून बाजाराला येतो. परवा गुळाची ढेप घेऊन आला होता. तो गेल्यावर आकाराम माझ्यापाशी येऊन बसला. माझ्याखाली काचपट्टी नव्हती, नुसता पांढरा उजेड होता. त्यातच तो बघत राहिला. मग मला परत खणात ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं शेवटी मला जपा, मला पुसा असं म्हणायचं असतं. म्हणतो. कुणी पुसलं तर बरंच वाटेल. पण मला आणखी एक मागायचं आहे. तुमच्या घरात कधी कुणी आजारी पडलं, तर त्याच्याजवळ बसा. त्याला काय झालंय, औषध कशासाठी आहे, त्यानं अंगाचं काय होईल आणि ते सोडलं तर काय होईल, हे सगळं त्याच्या बोलीत त्याला सांगा. जीभ जड झाली तरी सांगा. तो पैलवान असला, तर सगळ्यांच्या आधी त्याला सांगा.